तिसऱ्या टेबलामागचा ठोंब्या

९ एप्रिल

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद, माझ्याकडे अजून शिल्लक असतील तेवढे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. हिवाळ्यापासून हेच चाललंय. मी फोन करायचा, तो वाजून वाजून थकायचा, आणि आठवड्याने तुझं पोस्टकार्ड यायचं, "ताई, फोन केला होतास का?" नाही रे बाबा, शेजारणीने गंमत म्हणून केला होता.

आजच्या पेपरात तुम्हा चौघांचा फोटो आलाय. काळे कोट, काळे टाय, चार टेबलं, आणि त्यांच्यामागे चार चेहरे. श्रीमंत काका गेले आणि मृत्युपत्रात आपलं नावच नाही असे दिसता तुम्ही. खाली लिहिलंय, "यंत्रसंगीताची दिशा बदलणारी चौकडी प्रथमच उघड्या मैदानावर." मी शाळेत जन्मभर पोरांना गाणं शिकवलं, पियानोवर बोटं झिजवली, माझ्याबद्दल पेपरात एकदाच आलं होतं, तेही शाळेचा जिना कोसळला तेव्हा. आणि तुझी बहीण म्हणून मात्र वरच्या मजल्यावरची डॉक्टरीण आता मला जिन्यात वाट देते. म्हणे आज कॉम्प्युटरवर गाणी करणारा जो तो तुमच्याकडूनच शिकलाय. बिचारी पोरं.

लहानपणी पाहुणे आले की तू दारात ठोंब्यासारखा उभा राहायचास. आई म्हणायची, या पोराचं कसं होणार. झालं बघ. उभं राहण्याबद्दलच लोक टाळ्या वाजवायला लागले.

तर सांगायचं ते असं, हा उन्हाळी महोत्सव आमच्या घरामागच्या मैदानावर आहे. इतक्या वर्षांत तू मला एकदाही कार्यक्रमाला बोलावलं नाहीस. आता तूच माझ्या दारात येतो आहेस, तेव्हा मी येणार. तुमच्या रेकॉर्डी मला फ्रीजसारख्या वाटतात, मध्येच घरघर, मध्येच गप्प. फ्रीजमध्ये निदान लोणी तरी सापडतं. पण भाऊ आहेस, ऐकून घेईन.

ताई


२१ एप्रिल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघे दुखतात, म्हणून मनातल्या मनात.

फोनचं म्हणशील तर मी तो सोडलाच आहे असं समज. फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलून जातो. पत्रात विचार करावा लागतो. या वयात तरी विचार करून बघावा म्हटलं.

तू येऊ नकोस. का ते सांगतो, हसू नकोस.

आमचा मुख्य म्हणजे इंजिनिअर. तो पूर्वी लिफ्ट बनवायचा, आणि अजूनही तेच करतो असं माझं मत आहे, कारण आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं "पहिला मजला, दुसरा मजला" असं वर जातं आणि तसंच खाली येतं. दुसऱ्या टेबलावर दंतवैद्य, हा खरोखरच दात काढायचा. तिसऱ्यावर मी. चौथ्यावर इंजिनिअरचा जावई, येऊन दोन वर्षं झाली नाहीत, कानामागून आला आणि तिखट झाला. परवा बैठकीत इंजिनिअर म्हणाला, "चार हा आकडा जुनाट आहे. पुढच्या वर्षी आपण तिघंच." दंतवैद्य नखं बघायला लागला, जावई छताकडे, आणि मग तिघंही माझ्याकडे. मैदानावरचा कार्यक्रम झाला की ठरवणार म्हणे.

तू मजेत घेशील, पण माझी झोप उडाली आहे. मला दुसरं काही येत नाही, ताई. हे तरी येतं का, असं तू विचारशीलच. लग्न टिकलं नाही, घर कधी सजवलं नाही, सगळं आयुष्य त्या तिसऱ्या टेबलामागे काढलं. तिथून उठवलं तर मी उभा कुठे राहू?

त्यात हा कार्यक्रम दिवसाउजेडी. आजवर अंधारात वाजवलं, मागे मोठे पडदे, लोक पडदे बघायचे. मैदानावर सूर्य डोक्यावर असताना लोक आमचे हात बघणार. तू समोर बसून तोंडं करशील, मला हसू येईल, आणि हसणं आमच्या करारात बसत नाही.

तुझा
ठोंब्या


३ मे

चि. ठोंब्यास,

तिकीट काढलं. पहिल्या रांगेतलं. तोंडं करणार नाही, पण तोंड आहे ते घेऊनच यावं लागेल.

परवा दुपारी चक्क तू फोन उचललास! मी म्हटलं, "अरे, तुझे भाऊजी जिन्यावरून पडले." तू म्हणालास, "छान, छान. कळवतो." आणि ठेवलास. मी रिसीव्हर हातात धरून उभीच राहिले. शेवटी ठोंब्याचीच बहीण ना.

पाय मुरगळलाय फक्त. सुतारकामाच्या त्या करवतींनी यांचे कान गेले तेव्हापासून यांना मागून कुणी हाक मारली तरी कळत नाही, पण पायऱ्या तरी दिसतात ना? हल्ली ते कानात मशीन घालतात आणि माझी बोलणी पूर्ण ऐकावी लागतात म्हणून हळहळतात. तुझं "छान, छान" ऐकून खूप हसले. मला मात्र हसू आलं नाही.

हिवाळ्यात तू इथे होतास तेव्हा मी मीठ मागितलं, तर तू "अगदी खरंय" म्हणालास. मी दोनदा मागितलं. दुसऱ्यांदा तू मान डोलावून "काळच तसा आलाय" म्हणालास. तेव्हा वाटलं, थोर माणूस आहे, मिठाच्या पलीकडे गेलाय. हल्ली वेगळंच वाटतं.

बरा आहेस ना? खरं सांग.

ताई


१६ मे

ती. ताईस,

भाऊजींचा पाय कसा आहे? फोनवर खरखर फार होती, मला वाटलं तू जिना रंगवून घेतला म्हणालीस. माझी माफी त्यांना कळव. बाकी मी ठणठणीत आहे. उगाच नसत्या शंका काढू नकोस.

तालमी चालू आहेत. इंजिनिअर रोज नवा सिद्धान्त मांडतो. काल म्हणाला, "आपण संगीत वाजवत नाही, आपण ते घडू देतो." घडू देण्यासाठी आम्हाला रोज सहा तास उभं करतो. दंतवैद्य आता टेबलाच्या काठाला ठराविक मुद्रेत टेकतो, समीक्षक त्याला चिंतन म्हणतात, मूळव्याध आहे.

माझं काम तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. खालचा ठोका माझा, आणि ते आवाजाचं यंत्र. माइकमध्ये मी "पहिला मजला" म्हणतो आणि बाहेर पत्र्याचा डबा बोलल्यासारखं येतं. टेबलावर तांबड्या दिव्यांची ओळ आहे. दिवा पुढे सरकतो तसं बटण दाबायचं. माझा एक दिवा चुकत नाही. शिवाय स्टेजच्या लाकडी फळ्यांतून ठोका बुटांच्या तळव्यांना कळतो, तेवढं मला पुरतं.

पण त्या मैदानावरचे मूर्ख लोखंडी स्टेज बांधून त्यावर जाड रबर पसरणार आहेत, त्याचा तुकडा इथे तालमीला पाठवलाय. मोठे स्पीकर सगळे लोकांकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. पाय ठेवला तर गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. जावई म्हणाला कानात छोटे स्पीकर घाला. मी म्हटलं, मला असल्या कुबड्या लागत नाहीत. इंजिनिअरसमोर म्हटलं, मुद्दाम.

पहिल्या रांगेत बसतेस तर बस. पण निदान रंगीत टोपी घालू नकोस.

ठोंब्या


२२ जून

ती. ताईस,

जमलं! ताई, जमलं!

तू दिसलीस. पिवळी टोपी दिसणारच होती. भाऊजी पेंगताना दिसले, त्यांना मशीन काढून ठेवायची सोय आहे, भाग्यवान आहेत. तू शेवटी डोळे पुसत होतीस तेही पाहिलं. जन्मभर फ्रीज फ्रीज करणाऱ्या माझ्या बहिणीला मी रडवलं! गाडी लगेच निघाली म्हणून भेटता आलं नाही.

माझा एकही दिवा चुकला नाही. आणि लोक कसे ऐकत होते! "मजला" चालू असताना तर माणसं हलायची थांबली होती, तोंडं उघडी, पुतळे नुसते. एवढ्या उन्हात असं बांधून ठेवणं म्हणजे काय! दंतवैद्य मध्येच हात काढून माझ्याकडे बघत राहिला, हेव्यानेच. जावई तर जागा सोडून पळाला आणि वायरीत अडकून पडला. आता त्याचं काही खरं नाही. खाली उतरल्यावर इंजिनिअरने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि बराच वेळ बोलला. मी "अर्थातच" म्हणालो.

माझं टेबल राहिलं असं समजायला हरकत नाही. आज बऱ्याच दिवसांनी झोपेन.

तुझा
ठोंब्या


२६ जून

ठोंब्या,

हे पत्र लिहून दोनदा फाडलं. आता जे येईल ते येईल.

"मजला" सुरू झालं आणि थोड्याच वेळात स्पीकरची वीज गेली. सगळा आवाज बंद. इंजिनिअरने चष्मा काढला. दंतवैद्याने पेशंट चावल्यासारखा हात मागे घेतला. जावई वीज शोधायला पळाला. आणि तू वाजवत राहिलास.

तुझे दिवे चालू असणार, त्यांची वीज वेगळी असेल. तू एक एक बटण दाबत होतास, चेहरा दगडासारखा. आधी मागून शिट्ट्या आल्या. मग लोकांना वाटलं, ह्यात काहीतरी आहे. एकाने दुसऱ्याला गप्प केलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळं मैदान चिडीचूप. कुठेतरी बाळ रडत होतं, आईस्क्रीमच्या गाडीची घंटा वाजत होती. माझ्या शेजारचा दाढीवाला रडायलाच लागला. मला म्हणाला, "हे म्हणजे... हे म्हणजे..." आणि पुढे त्याला शब्द सापडेना. मग वीज आली, आवाज फुटला, तर तू बरोबर त्याच ठिकाणी! लोक खुर्च्यांवर चढले.

ते सगळे कलेसाठी रडत होते. माझा भाऊ बहिरा झाला म्हणून मी रडत होते.

आणि अजून एक सांगते. मध्ये तू वाकून माइकमध्ये गायलास. यंत्र बंद होतं. पहिल्या रांगेत मला तुझा स्वतःचा आवाज ऐकू आला, पत्र्याचा नाही, माणसाचा. "पहिला मजला, दुसरा मजला", शब्द कसले ते! पण गळा आईचा आहे तुझा. आणि सूर लागलेला होता. तुला ऐकू येत नसताना लागलेला होता. एवढी वर्षं तो डब्यात का कोंबून ठेवलास?

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही. यांनी मात्र पेंगता पेंगता पाहिलं, आणि घरी येऊन म्हणाले, "माझंच भावंड दिसतंय."

ताई


९ जुलै

ती. ताईस,

पहिले चार दिवस तुझा राग आला. मग मी किचनमध्ये नळापाशी उभं राहून पाणी सोडलं. पाणी दिसत होतं. पुढचं लिहीत नाही.

दोन वर्षं झाली. आधी पक्षी गेले, मग बायकांचे आवाज, मग फोन. माणसांच्या ओठांवरून मला बरंचसं कळतं. दाढीवाले सोडून.

आता इकडची गंमत ऐक. पेपरांची कात्रणं पाठवतो. एकाने लिहिलंय, "आवाजाचा त्याग करून त्याने आवाजाच्या मुळाला हात घातला." दुसऱ्याने लिहिलंय, "हे आपल्या सगळ्यांच्या बहिरेपणावर केलेलं निर्दय भाष्य." बघ, एकाला तरी कळलं, पण चुकून. इंजिनिअर मुलाखतीत सांगतो की ही कल्पना त्याला आठ वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये अडकला असताना सुचली. त्या दिवशी खांद्यावर हात ठेवून तो हेच बोलत असणार. यापुढे प्रत्येक कार्यक्रमात स्पीकर बंद करायचे आणि मी एकट्याने वाजवायचं. त्याला नावही दिलंय, "विराम." मी राहिलो आणि जावयाला काढलं! सासरेबुवांनी घरचा माणूस काढला म्हणून जावई हल्ली जेवायला एकटा बसतो.

ताई, आंधळा मागतो एक डोळा, तसं झालंय माझं. टेबल मिळालं, नाव मिळालं, पोस्टरवर माझं एकट्याचं तोंड आहे. आणि रस्त्यात पोरं थांबवून काहीतरी विचारतात, मी "अर्थातच" म्हणतो, आणि ती वहीत लिहून घेतात. खरं सांगितलं तर हाकलतील. नाही सांगितलं तर मरेपर्यंत हे सोंग. काय करू?

ठोंब्या


१३ जुलै

ठोंब्या,

सांगून टाक. आणि कानाच्या डॉक्टरकडे जा.

तुझे भाऊजी मशीन घ्यायला सहा वर्षं तयार नव्हते. सहा वर्षं मी या घरात ओरडून बोलले. शेजाऱ्यांना वाटायचं आमचं भांडण चालतं. मशीन घातलं त्या दिवशी हे स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकत घरभर फिरले. मला म्हणाले, "तुझा आवाज एवढा बारीक होता होय?"

उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं, आता सरळच सांगते. तुझ्या चौकडीचं काय व्हायचं ते होवो. जगाची दिशा तुम्ही एकदा बदललीत, आता ती तिची ती जाईल. आई गेल्यावर लहानपणचं घर आठवणारे आपण दोघंच उरलो. मला दर रविवारी तुझ्याशी बोलायचंय. कुणाची तब्येत, कुणाचं लग्न, काय शिजवलं, असलं फालतू. ते पत्रात लिहिता येत नाही, लिहिलं तर मूर्खासारखं दिसतं. मला माझा भाऊ फोनवर हवा आहे.

ताई


२ सप्टेंबर

ती. ताईस,

उशीर झाला, पण मध्ये बरंच घडलं.

तू सांग म्हणालीस, मी सांगितलं. तळ्याकाठी दुसरा महोत्सव होता. "विराम" संपला, आवाज परत आला, आणि "पहिला मजला" म्हणायच्या जागी मी माइकमध्ये म्हटलं, "मला ऐकू येत नाही." यंत्र चालू होतं, पत्र्याच्या आवाजात गेलं असणार. म्हटलं, आता दगड येतील.

लोकांनी हात वर केले. सगळे मिळून तोंडं हलवायला लागले, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. ओठ वाचता येतात मला. "मला ऐकू येत नाही! मला ऐकू येत नाही!" हजारो माणसं, सगळ्यांचे कान शाबूत. आता त्याची रेकॉर्ड निघतेय, आणि त्या वाक्याचे सदरे विकायला आलेत. भाऊजींसाठी एक घेतलाय.

मग मी इंजिनिअरच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि साध्या शब्दांत सांगितलं की बाबा रे, कला नाही, कान गेलेत. मग त्याने कागद घेऊन मोठ्या अक्षरात लिहिलं, "उत्तम. दुरुस्त करू नकोस." मी म्हटलं, बहिणीशी फोनवर बोलायचंय. त्याने लिहिलं, "मशीन घातलंस तर ते खोटं होईल. लोकांची फसवणूक मी करू देणार नाही." ताई, हे त्याने गंभीरपणे लिहिलं, आणि "फसवणूक" खाली रेघ मारली.

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो.

तेव्हा आता तिसऱ्या टेबलावर परत बोलावलेला जावई आहे. "विराम" चालू झाला की तो कानात कापसाचे बोळे घालतो. दंतवैद्यानेच दिलेत, जुने शिल्लक होते. पेपरवाले म्हणतात, नव्या पिढीने ही शांतता जास्त खोल नेली. मला वाईट वाटायला हवं होतं. पहिली रात्र वाटलं, खूप वाटलं, खोटं कशाला बोलू. सकाळी चहात चमचा फिरवला आणि तो वाजला. मग मी साखर नसताना पण फिरवत बसलो.

कानात मशीन घालून मी आमच्या सगळ्या रेकॉर्डी ओळीने ऐकल्या. तुझं बरोबर होतं. फ्रीजच आहे. पण चांगल्यापैकी फ्रीज आहे, एवढं तू कबूल करायला हवंस. आणि दंतवैद्य दुसऱ्या मजल्यावर दर वेळी उशिरा पोचतो, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग यंत्राशिवाय मी स्वतःच म्हणून बघितलं, खोलीत कुणी नसताना. आईचा गळा आहे की नाही ते मला ठरवता येईना. ते तूच ऐकून सांग.

रविवारी फोन कर. पहिल्याच घंटीला उचलतो, आता मला कुठे उभं राहायचं नाही, शेजारी खुर्चीच ठेवली आहे. फालतू बोलायला भरपूर घेऊन ये. आणि भाऊजी पुन्हा जिन्यावरून पडले असतील तर आधी ते सांग. या वेळी "छान" म्हणणार नाही.

तुझा
ठोंब्या